कुंपणाला टेकलेली गाडी

"ही पण नको," ग्लेनिस म्हणाली आणि चौथ्या मोटारहोममधून खाली उतरली.

नेव्हिल आतच पलंगावर बसून राहिला. पहिलीचा पलंग उंच, दुसरीची पाण्याची टाकी लहान, तिसरीचा संडास स्वयंपाकाच्या ओट्याला लागून, आणि ही चौथी महाग. बायकोला नाक मुरडायला कारण लागत नाही, हे पन्नास वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं. पण आता पंचाहत्तरी उलटली होती. हातात स्टिअरिंग आणखी किती दिवस राहणार?

बंडाबर्गच्या साखर कारखान्यात चाळीस वर्षं फिटर म्हणून राबून त्याने फंड साठवला होता, तो या एकाच गोष्टीसाठी. सगळा देश एकदा गोल फिरायचा. घराला कुलूप, शेजारी बायको, आणि गाडीच्या पाठीवर दोघांची नावं नि वायरलेसचा चॅनेल. म्हणजे मागून येणारा त्या चॅनेलवर नावाने हाक मारतो आणि गप्पा सुरू होतात. इथली सगळी पिकल्या केसांची मंडळी असंच करतात. गाडी विकलीच, तर नावं आधी खरवडून द्यायची. दुसऱ्याच्या नावाने कोण फिरणार?

"नावं हिरव्या रंगात घालू," तो पायरीवरून उतरत म्हणाला.

"आधी गाडी तर ठरू दे."

विक्रेता उन्हात टोपी पुढे ओढून उभा होता. नेव्हिलने त्याच्या छातीवरचं नाव वाचलं. "ट्रॉय, ती कोपऱ्यातली दाखव की जरा."

ट्रॉयने ग्लेनिसकडे पाहिलं. घरात पैसा कुणाच्या हातात आहे हे या लोकांना बरोबर कळतं, असं नेव्हिलला वाटलं.

"बघा ना," ट्रॉय म्हणाला. "पण तिला गिऱ्हाईक आलंय. रॉकहॅम्प्टनचं जोडपं. सोमवारी नेणार आहेत."

"हो का? गिऱ्हाईक उभं केल्याशिवाय तुमची गाडी कधी विकली गेलीय का?" नेव्हिलने बायकोला डोळा मारला. ती हसली नाही.

पाठ कुंपणाला टेकवून ती गाडी उभी होती. नवी नव्हती, पण नीट ठेवलेली होती. आत पाऊल टाकलं आणि नेव्हिलची बडबड थांबली. त्याने पडदा सरकवला, पुढे वाकून मीटर पाहिलं.

"दोन लाख किलोमीटर," तो म्हणाला. "कोण नशीबवान असतील गं?"

"असतील कोणी," ग्लेनिस म्हणाली.

ट्रॉय ओट्याखालचा ड्रॉवर ओढत होता. तो अडकला होता. नेव्हिलने त्याला बाजूला केलं, ड्रॉवर जरासा वर उचलला, डावीकडे दाबला आणि अलगद उघडला.

"फिटरचा हात आहे, पोरा. उगाच पगार नव्हते देत."

मग तो छोट्या टेबलाशी बसला. दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"ग्लेन, ही आपल्यासाठीच बनवलीय. घेऊ या."

ग्लेनिस रुमालाने ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता. "फंड पुरवायचाय नेव्ह. पुढे लागेल."

"पुढे म्हणजे कधी? मेल्यावर?"

ती पुसतच राहिली.

"इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?" त्याने विचारलं. "दारू नाही, जुगार नाही. एक फेरी मागतोय फक्त."

"नाही मागितलंस तू काही."

"मग?"

"त्या रॉकहॅम्प्टनच्या लोकांना नेऊ दे ही."

नेव्हिलचे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीसाठी बायको हात आखडता घेईल, असं त्याला खरंच वाटलं नव्हतं. "तू फार कठोर झालीस, ग्लेन."

"हो," ती म्हणाली.

तिने त्याला आपल्या छोट्या कारपाशी नेलं आणि शेजारच्या सीटवर बसवलं. हल्ली कार तीच चालवायची. पट्टा लावून दिला. टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. टोपीच्या आत तिने शाईने घरचा फोन नंबर लिहिला होता. टोप्या विसरायची खोड त्याला पहिल्यापासूनच. मग थर्मासमधला चहा ओतून कप हातात दिला, खिमा भरलेली पेस्ट्री रुमालावर ठेवली.

"आलेच मी पाच मिनिटांत. पेस्ट्री गरम आहे, सावकाश खा."

"पुढच्या शनिवारी दुसरीकडे बघू या?" राग विसरून त्याने विचारलं. तोंडाला रस्सा लागला होता.

"बघू," तिने त्याचं तोंड पुसलं.

ट्रॉय यार्डाच्या नळापाशी थांबला होता. शेजारी गरम पाण्याची बादली, फडकं आणि खरवडायची पत्र्याची पट्टी.

"त्यांना वृद्धाश्रमात जागा मिळाली?" त्याने हळू विचारलं.

"हो. मंगळवारी न्यायचंय. खोलीला खिडकी आहे, रस्ता दिसतो."

"ते काम मी करतो, ग्लेनिस. तुम्ही जा त्यांच्याजवळ."

"नको. मलाच करू दे."

तिने बादली उचलली. गाडी आणि कुंपण यांच्यात जेमतेम माणूस शिरेल एवढी फट होती. ती आडवी होऊन आत गेली, फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि गाडीच्या पाठीवर दाबून धरलं. चिकटवलेली अक्षरं उन्हाने विटली होती, पण अजून वाचता येत होती. हिरव्या रंगात लिहिलं होतं: नेव्हिल आणि ग्लेनिस, चॅनेल अठरा.