मालकांना विचारून सांगते

“मालकांना इचारून सांगते,” भागूबाई बोलून गेल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. मालकांना जाऊन महिना झाला होता. दारात उभा असलेला शेजारीही ओशाळला; पण मागायला आलेलं कडबाकुट्टीचं यंत्र घेऊनच गेला.

उभा संसार त्यांनी असाच केला. कुणी काही मागितलं की आत जायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि बाहेर येऊन सांगायचं, “मालक न्हाई म्हनत्यात.” मालक तेव्हा गोठ्यात असत, नाहीतर सोनईच्या बाजारात. वाईटपणा त्यांच्या नावावर जमा होई. आता नाही म्हणायला नावच उरलं नव्हतं. शिडी गेली, फवारणीचा पंप गेला. काल तर दिरांनी शेडसाठी रस्त्याकडेचा तुकडाच मागितला होता.

लेक राजेश्वरी नगरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. “आई, तुझ्या घरात राष्ट्रपतिपद रिकामं झालंय,” ती म्हणाली. “सगळं त्यांच्या नावानं चालतं. ठरवतं मात्र मंत्रिमंडळ.”

“राष्ट्रपती म्हंजी तुझे आबाच की!”

“अन् मंत्रिमंडळ कोन, ते दिसतंयच,” सुनील, थोरला मुलगा, पुटपुटला.

निवडणूक चहावर झाली. सुनील उभा राहिला. “तू खरंच ठरवाय लागशील,” म्हणून भागूबाईंनी त्याचा अर्ज बाद केला. सुनेनं लंकाआत्याचं नाव सुचवलं. मालकांची ही थोरली बहीण ठार बहिरी. पण दीर अजून तिला टरकून असत. आत्या बाजेवरून सगळ्यांकडे बघून हसली. बिनविरोध. दिरांना लगेच फोन गेला, “वन्सं न्हाई म्हनत्यात.”

तरी भागूबाईंचं मन भरेना. “पन उद्या माझंच काई चुकलं, तर ह्या आडवतील का मला?”

“अडवता येत नाही. राष्ट्रपती फार तर एकदा परत पाठवतात, पुन्हा विचार करा म्हणून.” राजेश्वरी हसली. “आबांनी कुठं कधी पाठवलं? नुसती मान डोलवायचे.”

“पाठवलं. एकदा.” भागूबाई कपबश्या गोळा करू लागल्या. “तू बारावीला हुतीस. राहुरीचं स्थळ म्या पक्कं केलं हुतं, बस्त्याचा वार सुदिक ठरला. लगनाचं तेवढं खरंच सांगावं लागलं त्यांना. म्हनले, पुन्यांदा इचार कर. येवढंच.”

राजेश्वरीचं हसू विरलं. बोलायला शब्द सापडले, तेही पुस्तकातलेच. “दुसऱ्यांदा पाठवलं असतंस, तर त्यांना सही करावीच लागली असती.”

“केली असती की,” भागूबाई म्हणाल्या. “म्हनून तर म्या पुन्यांदा इचारलंच न्हाई.”