धुराची खूण

नथूने आईच्या तोंडासमोर मूठ धरली, ती वर नेली आणि पाचही बोटं हवेत उलगडली. धूर. या घरात धूर म्हणजे आगगाडी. झुंबरबाई तापात बहिरी झाली त्याला तीस वर्षं झाली, तेव्हापासून हीच खूण होती.

मग त्याने पंजा तिच्या डोळ्यांपुढे जोरात हलवला. न्हाई.

काल गावात दवंडी झाली होती. उद्यापासून पुलावरून विजेची गाडी जाणार, तिला धूर नसतो, पुलावर कोणी चढू नये. इंद्रायणीवरच्या त्या पुलाला सत्तर वर्षं झाली होती. त्यावरून पायी जायची मनाई तेवढीच जुनी आणि गावाचं पायी जाणंही तेवढंच जुनं. बाकीचे कानोसा घेऊन ओलांडत. झुंबरबाई दोन्हीकडच्या झाडांवर नजर टाकायची. धूर दिसला की थांबायचं, नाही दिसला की दुधाची किटली घेऊन धावत सुटायचं. मध्ये ती कधी श्वास घ्यायलासुद्धा थांबली नव्हती.

"कळालं का?" नथूने ओठ हलवून विचारलं.

"व्हय, कळालं की," ती हसून म्हणाली. "बरं झालं बाबा. आज घाई न्हाई."

नथू वाईट नव्हता. आईवर त्याचा जीव होता, फक्त खुणा करायचा कंटाळा होता. ते काम बायकोचं, अंबूबाईचं. ती गोठ्यातून आली तेव्हा म्हातारी उताराला लागलेली होती.

"आत्याबाईंना सांगितलं का नव्या गाडीचं?"

"सांगितलं. कितींदा इचारशील?" म्हणत त्याने बैल सोडले.

तासाभरात हवालदार पुलाखालच्या दगडावर पंचनामा लिहीत बसले होते. ड्रायव्हर हात चोळत सांगत होता, बाई पुलाच्या मधोमध बसली होती. गाडीकडे पाठ, पाय नदीवर सोडलेले, मांडीवर तंबाखूची चंची. शिट्टीवर शिट्टी मारली, पण तिने मान वळवली नाही.

"बहिरी होती, तर तिला कोणीच सांगितलं नव्हतं?" हवालदारांनी विचारलं.

"म्या सांगितलं हुतं साहेब. आज सकाळीच."

"बहिऱ्या माणसाला? कसं?"

नथूने मूठ वर नेली, बोटं उलगडली आणि पंजा हलवला. "धूर न्हाई," तो म्हणाला.

हवालदारांना पटलं. मुलाने आपलं काम केलं होतं, म्हातारीनेच ऐकलं नाही. त्यांनी लिहिलं, मयतास मुलाने पूर्वसूचना दिली होती.

अंबूबाई चेपलेली किटली घेऊन बाजूला उभी होती. ती पुढे आली.

"परत करा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"हात. सकाळी केला तसा."

नथूने पुन्हा मूठ वर नेली, बोटं उलगडली, पंजा हलवला. अंबूबाई त्या हाताकडे बघत राहिली.

"औंदा पावसात घाटात दरड पडली," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन दिस गाड्या बंद व्हत्या. तवा आत्याबाईंना म्या हेच करून दावलं हुतं. आज गाडी न्हाई म्हून."

नथूचा पंजा तसाच हवेत राहिला.

हवालदारांचं लिहून झालं होतं. त्यांनी तोच हात धरून खाली घेतला, अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर दाबला.