डॉक्टरणीचे दोन प्रश्न

आमची सूनबाई दर महिन्याला शिलाईचं मशीन सोडून गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडते, आणि माझा लेक ती भरून देतो! माझ्यासाठी कुणी पेलाभर पाणी तापवलं नव्हतं. तिची नाटकं उघडी पाडायला मीच तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरणीनं तिला विचारलं, “पाळीत पोट फुगतं? शौचाला कळ येते?” ती तोंड उघडायच्या आत मी दोन्हींना “हो” म्हणून मोकळी झाले. “मावशी, हे कुणाचं सांगताय?” “मलाही अगदी तस्संच होतं,” सून म्हणाली. “गर्भाशयाचं अस्तर आतड्यांपर्यंत वाढलंय बहुतेक,” डॉक्टरणीनं तिला समजावलं, “दुखणंही त्यानंच, दिवस न राहणंही.” या लेकानंतर माझी कूस उजवली नाही, ते का, मला कुणी सांगितलं? बाहेर आल्यावर सुनेला म्हटलं, “दुखणं खरं आहे तुझं, मेले. जळते मी तुझ्यावर. इलाज अर्ध्यावर सोडलास तर बघ!”