बॉनेटवरची सही
कारखान्याचा बॉयलर फुटून अकरा माणसं मेली, त्यांत माझा मेव्हणाही. चौकशीत अधिकाऱ्याने कागद सरकवला. “‘बॉयलर ठणठणीत आहे,’ याखाली सही तुमची?” “माझीच.” “म्हणजे सुरक्षेला जबाबदार संचालक तुम्ही!” “साहेब, मी मालकांचा ड्रायव्हर. ते म्हणाले, कायद्याला असा संचालक लागतो, तू घरचाच, कर सही. गाडीच्या बॉनेटवर केली.” “बॉयलर कधी पाहिलात?” “फुटल्यावर.” शेजारी बसलेल्या मालकांनी कपाळावर हात मारला. “बघा साहेब, विश्वास टाकला, यानं केसानं गळा कापला!” कागदावर त्यांचं नाव शोधूनही सापडेना. अधिकाऱ्याने हवालदाराला खूण केली. मालक निघाले, तसा वीस वर्षांच्या सवयीने मीच धावलो आणि त्यांच्यासाठी दार उघडून उभा राहिलो. हवालदाराने माझं मनगट पकडलं. मालक दारात थांबले. वाटलं, आता तरी खरं बोलतील. त्यांनी फक्त तळहात पुढे केला. “गाडीची चावी दे.”