मांडीवरचा गणपती

घाटकोपरच्या कारखान्यातली शाडूची मूर्ती गावच्या घरी बसली की वाडीत आपली वट थोरल्या भावापेक्षा वाढणार, असा सहदेवचा साधा हिशेब होता. शाडू नाजूक आणि गावापर्यंतचा हायवे खड्ड्यांचा, म्हणून मूर्ती बायकोच्या मांडीवर.

"शेवंती, खड्डा आला, उचल," गाडी चालवताना तो दिवसभर एवढंच सांगत होता. ती मूर्ती हातांवर अधांतरी धरायची आणि दणका स्वतः घ्यायची.

"देवाला मी उचलते, मला कोण उचलणार?"

"पोचलोच गं आता." हे तो पनवेलपासून सांगत होता.

गावी मूर्तीवरचा रुमाल काढला तर नखाएवढाही रंग उडालेला नव्हता. सहदेवचं कौतुक करत अख्खी वाडी पाया पडून गेली. शेवंती तेवढी खांबाला धरून उभी राहिली.

"मुंबयत रवान पाया पडूक विसरलंस काय गो?" थोरल्या जावेने टोमणा मारला.

शेवंतीने उभ्यानेच हात जोडले. "विसरले नाही, वहिनी. वाटेतले सगळे खड्डे कमरेत बसलेत. वाकताच येत नाहीये."

ओटीवर सहदेव तोवर पुढच्या वर्षी याहून मोठी मूर्ती आणायचं कबूल करून बसला होता.