काय झालं, शाल्मली?

"पोरींनो, लूप सुरू करण्याआधी तो थांबणार कधी, ते लिहा!" कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवताना गवाणकरबाई कानीकपाळी ओरडायच्या. तो आवाज शाल्मलीला आज फार आठवला. तिच्या नवऱ्याने, निरंजनने, एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या लूपला शेवट दिला होता खरा. पण तो तिच्या जिभेवर नेऊन ठेवला होता.

दोघंही नगरपालिकेचे सर्व्हर सांभाळायचे. सकाळी तिचे फुगलेले गाल बघून त्याने सर्व्हरला तोंडीच सांगितलं, "ती खरं सांगेपर्यंत विचारत राहा." हल्लीचे सर्व्हर शब्दाला जागणारे, घेतलेलं काम ते मधेच टाकत नसत.

आधी तिच्या फोनने विचारलं, "काय झालं, शाल्मली?"

"काही नाही."

सर्व्हरला आवाजातली अढी कळली. मग लिफ्टने विचारलं, मग बसथांब्यावरच्या फलकाने. दुपारी पाणी सोडणारं यंत्रही पाणी सोडायचं विसरून तेच विचारू लागलं आणि गावाचे नळ कोरडे पडले.

"अगं बाई, सांगून टाक की एकदाचं!" ती घरी परतताच खालच्या मजल्यावरून पेडणेकरकाकू ओरडल्या. "माझ्या डोक्याला शिकेकाई लागलीय!"

निरंजन रडकुंडीला आला. "मी तर फक्त तुझ्या प्रोग्रॅमची स्क्रिप्ट आवरली गं. मशीन ज्या ओळी न वाचताच वगळतं, तेवढ्याच पुसल्या."

"त्या ओव्या होत्या!"

नळ खळखळले. काकूंनी जयजयकार केला. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण शाल्मली हळूच म्हणाली,

"मशीन वाचत नाही, म्हणूनच तिथे लिहायचे. तू वाचशील म्हणून."