दार कुठल्या बाजूला?

"दार कुठल्या बाजूला?" बाबांनी विचारलं. हातातली काड्यापेटी तशीच अधांतरी.

स्पीकरने उत्तर दिलं नाही. त्यातून थोरलीचा आवाज नुसता "अरे बापरे" म्हणाला, मागे संगीत उसळलं आणि कुणीतरी धाडकन पडलं. कोण पडलं, कुठून पडलं, देव जाणे.

बाबांसमोर जेवणाचं टेबल होतं आणि टेबलावर एक अख्खं बुडालेलं जहाज. काड्यापेट्या म्हणजे खोल्या, चमचे म्हणजे बोळ, बटणं म्हणजे जिने, बाटल्यांची झाकणं म्हणजे वाटेत भेटणारी माणसं. थोरली मुलगी इंटरनेटवरच्या आपल्या चॅनलवर या जहाजाचा व्हिडिओ गेम खेळायची आणि खेळता खेळता सांगायची, डावीकडे लोखंडी दार, गंजलेलं, पलीकडे जिना खाली उतरतो. बाबा ऐकून मांडत जायचे. नजर गेली तशी बस चालवणं सुटलं होतं, पण वळणं लक्षात ठेवायची खोड काही सुटली नव्हती.

बाकीचे चॅनल त्यांनी ऐकून पाहिले होते आणि एकेकाला शेलक्या शिव्या घालून बंद केले होते. नुसते केकाटतात मेले, असं त्यांचं म्हणणं. वाघ दिसला म्हणून ओरडतोस, अरे, पण वाघ आहे कुठे? थोरलीच्या चॅनलवर मोजकीच माणसं यायची आणि त्यातली निम्मी, ही बाई किती बोलते, असे टोमणे मारून जायची. बाबांच्या मते मात्र जगात बघण्याजोगा चॅनल हा एकच. 'बघण्याजोगा' हा शब्द ते मुद्दाम वापरायचे.

काड्यापेटी त्यांनी टेबलावर आपटली. अर्धं जहाज विस्कटलं.

"कंटाळली असशील तर तसं सांग," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. "उपकार नकोत मला कुणाचे."

थोरली ओल्या हातांनीच बाहेर आली. बोलणं तिला चांगलंच झोंबलं होतं. हा भाग रेकॉर्ड करताना तिने एकूण एक दार सांगितलं होतं, कड्यासुद्धा, पार घसा बसेपर्यंत. ती उभी राहून ऐकू लागली. "अरे बापरे", मग पडणं, मग हसणं. मधलं सगळं गायब.

सोफ्यावर धाकटा बसला होता. जाहिरातींच्या चित्रफिती कापणं-जोडणं हा त्याचा पेशा. या खेपेला ताईला मदत म्हणून त्याने हौसेने हा भाग कापून चॅनलवर टाकला होता आणि आता शाबासकीची वाट बघत होता. पहिल्यांदाच लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं, तो सांगू लागला. आता कुठे मजा येतेय, असं लिहितायत लोक. ते खोटंही नव्हतं. इतकी माणसं त्या चॅनलवर कधी फिरकली नव्हती.

"काय काय काढलंस?" थोरलीने विचारलं.

"फापटपसारा. डावीकडे हे, उजवीकडे ते. पडद्यावर दिसतंच की, ताई. दिसतंय ते परत कशाला सांगायचं?"

स्पीकर तेवढा हसत राहिला, थोरलीच्याच आवाजात.

आपण काय बोललो ते धाकट्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने चटकन बाबांकडे पाहिलं. पण चूक कबूल करेल तर तो धाकटा कसला. उलट हट्टालाच पेटला. एका माणसासाठी कुणी चॅनल चालवत नसतं, म्हणाला. बाबांना काय, घरात बसूनही सांगता येईल.

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"मी दिवसभर दुकानात उभी असते, तेव्हा या घरात कुणीतरी त्यांच्याशी बोलावं म्हणून काढला मी चॅनल," ती म्हणाली. "तू याच घरात राहतोस ना रे?"

आपण भलत्याच माणसावर भडकलो, हे बाबांना कळलं, आणि त्याने ते जास्तच भडकले. विस्कटलेलं जहाज घाईघाईने चाचपून सरळ करू लागले. एक चमचा खाली पडला. धाकटा उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

धाकटा तसाच उठला आणि तरातरा बाहेर निघाला. दारापर्यंत गेला आणि तिथे मात्र त्याचे पाय अडले.

थोरलीने स्पीकर बंद केला. चमचा उचलून बाबांच्या हातात दिला. कॉम्प्युटर टेबलाच्या कडेला ओढला, खेळ त्याच जागी आणला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली.

"समोर बोळ," ती म्हणाली. आवाज अजून रागाने कापत होता. "लांब आहे. बोळाच्या टोकाला दार, उजव्या बाजूला. निळं. रंगाचे पोपडे निघालेत. कडी तुटलीय."

बाबांनी चमचा ठेवला. चमच्याच्या टोकाला, उजवीकडे, काड्यापेटी.

"कुणी आहे तिथे?"

थोरलीने पडद्यावरून नजर उचलली.

"इथे आहे," ती म्हणाली. "तुमचा धाकटा. उंबऱ्यावर उभा आहे, तोंड पाडून."

बाबांनी झाकणांच्या ढिगात बोटं घातली, चाचपून एक उचललं आणि काड्यापेटीवर अधांतरी धरलं.

"कुठे ठेवू याला?" त्यांनी विचारलं. "आत की बाहेर?"